छापलेली की राईट केलेली?

जुन्या गाण्यांची सीडी विकत घेतली, जिवापाड जपली आणि पंधरा वर्षांनी ती वाजलीच नाही. असं का होतं? चकचकीत सीडीच्या पोटात नेमकं असतं तरी काय? आणि दुर्मीळ गाणी विकणाऱ्याने आपल्याला फसवलं, असं म्हणायचं की त्याचे आभार मानायचे?

आजीचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘जेवलीस का?’ दोन महिन्यांपूर्वी मात्र तिने थेट मुद्द्यालाच हात घातला. ‘तुझ्या त्या कॉम्प्युटरवर सीडी लागते का गं?’

लागत नाही. माझ्याच काय, आमच्या अख्ख्या वर्गात एकाच्याही लॅपटॉपला सीडीचा ड्राईव्ह नाही. पण आजी कधी काही मागत नाही, त्यामुळे ‘लागते लागते’ म्हणून ठोकून दिलं. मग एका मैत्रिणीच्या दादाकडून यूएसबीवर चालणारा जुना ड्राईव्ह पैदा केला आणि शनिवारची एसटी पकडून सातारा गाठलं.

आजीला हवी होती ती सीडी आजोबांची. २००९ साली त्यांनी ती एका संगीत महोत्सवातल्या स्टॉलवर घेतली होती. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेली बावीस नाट्यपदं. आजोबा रविवारी सकाळी दाढी करताना ती लावायचे आणि विसाव्या पदाला हमखास थांबायचे, गालावर फेस तसाच. आजोबा जाऊन आता चार वर्षं झाली. आजीला ते विसावं पद ऐकायचं होतं.

पहिली सोळा पदं नीट वाजली. सतराव्यात ‘टक् टक्’ सुरू झालं. अठरावं अडखळत, ठेचकाळत गेलं. एकोणिसाव्याला ड्राईव्ह नुसताच गरगरला आणि शेवटी लॅपटॉपने हात टेकले. आजी म्हणाली, ‘राहू दे. चहा टाकते.’

मला मात्र राहवेना. त्याच पाऊचमध्ये बाबांची कॉलेजातली हिंदी सिनेमाची एक सीडी होती. ओरखडे इतके, की कुणी तिच्यावर काकडी किसली असावी. ती लावली, तर पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत खणखणीत! आणि आजोबांची, कायम डबीत ठेवलेली, कडेला धरूनच हाताळलेली सीडी मुकी.

दोन्ही उलट्या करून शेजारी शेजारी ठेवल्या आणि फरक लख्ख दिसला. बाबांची सीडी खालून स्वच्छ चंदेरी. आजोबांची निळसर हिरवी, मोराच्या पिसासारखी. त्या रंगातच सगळी गोम होती.

पुस्तक आणि झेरॉक्स

दिसायला सारख्या असल्या तरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक छापलेली सीडी, दुसरी राईट केलेली, म्हणजेच सीडी-आर. फरक समजायला कॉलेजच्या गेटबाहेर या. एका हातात छापखान्यातून आलेलं पुस्तक घ्या आणि दुसऱ्या हातात त्याच पुस्तकाची झेरॉक्स. मजकूर तोच, परीक्षेला दोन्ही चालतात. पण शाई कागदावर बसण्याची पद्धत वेगळी आणि टिकाऊपणाही वेगळा.

सोनी आणि फिलिप्सने सीडी बाजारात आणली १९८२ साली. व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. आत पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लॅस्टिक. या प्लॅस्टिकवर आतून बाहेर जाणारी गोगलगाईसारखी एक रेघ असते आणि तिच्यात अब्जावधी सूक्ष्म खाचा. पूर्ण भरलेल्या सीडीवरची ही रेघ सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. प्लेअरमधला लेझर या रेघेवरून फिरतो. सपाट जागेवरून प्रकाश नीट परत येतो, खाचेपाशी कमी येतो आणि या फरकातूनच गाणं वाचलं जातं.

छापलेल्या सीडीत या खाचा खऱ्याखुऱ्या असतात. आधी काचेची एक मास्टर तबकडी बनते, तिच्यावरून निकेलचा साचा आणि त्या साच्यात गरम प्लॅस्टिक दाबून काही सेकंदांत एक सीडी. मग खाचांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर वार्निशसारखा लेप, त्यावर नाव-चित्र. म्हणजे गाणं इथे प्लॅस्टिकच्या आकारातच कोरलेलं असतं. आकार बदलत नाही तोवर गाणं हलत नाही.

गंमत म्हणजे धातूच्या साच्यावरून प्रती दाबून काढायची ही युक्ती सीडीपेक्षा खूप जुनी आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला पाठवाव्या लागायच्या. गाणं संपल्यावर त्या काळचे कलाकार इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात, ते तिकडच्या कामगारांना लेबल कुणाचं लावायचं हे कळावं म्हणून, असं सांगितलं जातं. १९०८ मध्ये कोलकात्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि भारतात तबकड्या छापल्या जाऊ लागल्या. आजोबांच्या सीडीवरची पदं मुळात अशाच साच्यांतून जन्मलेली. राईट केलेली होती ती फक्त सीडी.

गाणं नव्हे, रंग उडाला

राईट करायच्या कोऱ्या सीडीत खाचा नसतात. लेझरला वाट दाखवणारी एक कोरी चरी असते आणि तिच्यावर सेंद्रिय रंगाचा पातळ थर. त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा परावर्तक थर. राईट करताना लेझर त्या रंगावर ठिकठिकाणी उष्णतेचे ठिपके उमटवतो. ठिपक्याच्या जागी प्रकाश कमी परततो, म्हणून प्लेअरला तिथे खाच असल्याचा भास होतो. गाणं इथे आकारात नाही, रंगात असतं.

आणि रंग उडतात, हे आपल्याला गॅलरीत वाळत घातलेल्या टीशर्टवरून ठाऊक आहेच. या रंगांच्या तीन मुख्य जाती. सायनिन, जो खालून निळसर किंवा हिरवट दिसतो. ॲझो, गडद निळा. आणि थॅलोसायनिन, जवळजवळ पारदर्शक, किंचित पोपटी झाक असलेला. यातला सायनिन प्रकाशाला सगळ्यात हळवा, थॅलोसायनिन त्या मानाने चिवट. ऊन, उकाडा आणि दमट हवा हे तिघांचेही शत्रू. कोकणातल्या घरात किंवा मुंबईतल्या चाळीत पावसाळ्यात वह्यांना बुरशी धरते, तिथे या थराचं काय होत असेल याचा अंदाज करा.

मग राईट केलेल्या सीडीचा आवाज वाईट असतो का? नाही! हा सगळ्यात मोठा गैरसमज. सीडीवर असतात आकडे, सेकंदाला ४४,१०० नमुने. आकडे नीट वाचले गेले तर दोन्ही सीड्यांमधून तंतोतंत तेच गाणं बाहेर येतं. शिवाय प्लेअरला चुका दुरुस्त करता येतात. माहिती मुद्दाम विखरून लिहिलेली असते, त्यामुळे रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा सलग गेला तरी यंत्र बाकीच्या आकड्यांवरून तो भरून काढतं. बाबांची किसलेली सीडी वाजते ती याच कृपेने.

पण यातच एक फसगत दडलेली आहे. कॅसेट खराब व्हायची ती हळूहळू. आवाज घोगरा व्हायचा, फीत ओढायची, आपण सावध व्हायचो. सीडी मात्र आतून कितीही झिजत असली तरी तब्येत ठणठणीत असल्याचं दाखवते. दुरुस्तीची ताकद संपेपर्यंत आवाजात तसूभर फरक नाही आणि ज्या दिवशी ती संपते त्या दिवशी थेट कडेलोट.

शेवटचीच पदं का गेली, याचंही उत्तर मिळालं. सीडी आतून बाहेर वाजते, म्हणजे शेवटची गाणी असतात कडेला. हवा आणि ओल शिरते ती कडेकडून, बोटं लागतात ती कडेला आणि कोरी सीडी बनवताना रंगाचा थर कमी-जास्त बसण्याची शक्यताही तिथेच जास्त. आजोबांचं विसावं पद नेमकं त्या पट्ट्यात होतं.

‘हजार प्रती घेणार कोण?’

खरं सांगायचं तर हे सगळं वाचल्यावर मी चिडले. सीडीच्या कव्हरवर छान छापील चित्र, कलाकारांची माहिती, किंमत दोनशे रुपये. कुठेही लिहिलेलं नाही की आत घरी राईट केलेली सीडी आहे. कव्हरच्या मागे एक फोन नंबर होता. लागणार नाही असं धरूनच लावला. लागला.

पलीकडचे काका बँकेतून निवृत्त झालेले. घरात तबकड्यांचे रॅक छतापर्यंत. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण त्यांनी आधी पोहे समोर ठेवले. मग शांतपणे म्हणाले, ‘कारखान्यात छापायला गेलो तर पाचशे-हजार नगांच्या खाली कुणी बोलत नव्हतं. माझ्या या सीडीच्या सगळ्या मिळून दीडशे प्रती गेल्या, त्याही तीन वर्षांत. हजार घेणार कोण होतं?’

गणित साधं आहे. छापलेल्या सीडीत खरा खर्च साच्याचा. एकदा साचा झाला की पुढची प्रत अगदी स्वस्त पडते. म्हणून लाखांनी खपणाऱ्या सिनेमाच्या गाण्यांना छपाईच परवडते. राईट केलेल्या सीडीत साच्याचा खर्चच नाही. एक काढा नाहीतर पन्नास काढा, दर जवळपास तोच. ज्या गाण्याचे श्रोते दीडशे, त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. राईट केलेली सीडी काढायची, नाहीतर काढायचीच नाही.

आपल्याकडे जुन्या तबकड्या जमवणारे, त्यांची यादी करणारे, त्या ऐकवणारे हौशी लोक बरेच आहेत. मुंबईत १९९० साली सुरू झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही अशांचीच संस्था. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झालेल्या वर्षानंतर ६० वर्षांनी संपतो. गीत आणि चाल यांच्या हक्काचा हिशेब वेगळा असतो, पण शंभर वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण पुन्हा काढायला निदान कंपनीच्या मालकीची आडकाठी राहत नाही. अडतं ते पैशांपाशी. आणि तिथे सीडी-आर कामाला येते.

‘पण मग कव्हरवर लिहिलं का नाहीत?’ मी विचारलं.

काका थोडे थांबले. ‘लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, घरीच राईट केलीय, मग दोनशे कशाचे? दीडशेसुद्धा गेल्या नसत्या.’

या उत्तराने माझा निम्मा राग गेला. निम्मा राहिला.

जगातली सगळ्यात हट्टी रेकॉर्ड कंपनी

राहिलेल्या निम्म्याचं उत्तर मला अमेरिकेत सापडलं. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली मोझेस ॲश आणि मरियन डिस्लर यांनी ‘फोकवेज रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली. वुडी गथ्री, पीट सीगर, लेड बेली ही मोठी नावं तिच्या यादीत आहेत. पण त्याच यादीत बेडकांच्या आवाजांची तबकडी आहे आणि ऑफिसमधल्या आवाजांचीही! ॲश यांचा हट्ट एकच, एकदा काढलेली तबकडी बाजारातून काढून घ्यायची नाही. खपो, न खपो. त्यांचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. इंग्रजीत ‘जे’ हे अक्षर ‘एस’पेक्षा कमी वापरलं जातं, म्हणून ते कुणी शब्दकोशातून काढून टाकतं का?

१९८६ मध्ये ॲश गेले, तेव्हा यादीत २,१६८ अल्बम होते. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशनने हा सगळा संग्रह घेतला, तो एका अटीवर. यातला एकेक अल्बम कायम उपलब्ध राहिला पाहिजे.

आता दोन हजारांवर अल्बमच्या हजार-हजार सीड्या छापून ठेवायच्या म्हटल्या तर वीस लाखांवर सीड्या होतील. बेडकांच्या आवाजाच्या हजार प्रती कुठल्या गोदामात ठेवणार? स्मिथसोनियनने तोडगा काढला. कुणी मागणी केली की तेवढीच प्रत तयार करायची. आधी हे काम कॅसेटवर झालं, मग सीडी-आरवर. म्हणजे झेरॉक्सवाल्याचंच तंत्र, फक्त दुकान राष्ट्रीय संग्रहालयाचं.

आणि जिथे गिऱ्हाईक होतं तिथे त्यांनी छापलंही. हॅरी स्मिथ या अवलियाने १९२७ ते १९३२ या काळातल्या तबकड्यांमधून ८४ गाणी निवडून १९५२ मध्ये फोकवेजसाठी एक संग्रह केला होता, ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’. पुढच्या पिढीतल्या लोकगायकांसाठी तो पाठ्यपुस्तकच ठरला. १९९७ मध्ये तो सहा सीड्यांच्या देखण्या संचात पुन्हा आला आणि त्याने ग्रॅमीही पटकावली. एकाच संस्थेने लोकप्रिय संग्रह छापला, बाकीचे मागणीनुसार राईट केले आणि कुठलं काय आहे ते लपवलं नाही. ॲमेझॉननेही मागणीनुसार बनवलेल्या सीड्या विकताना ही सीडी-आर आहे अशी ओळ वस्तूच्या माहितीत टाकली होती. गिऱ्हाईकाला कळतं, मग तो ठरवतो.

माझ्या उरलेल्या रागाचं मूळ इथे होतं. राईट केलेली सीडी विकण्यात खोट नव्हती. न सांगण्यात होती. कारण आजोबांना कळलं असतं, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिची एक प्रत काढून ठेवली असती. असा माणूस होता तो, गॅसच्या पावत्यांच्यासुद्धा दोन-दोन झेरॉक्स ठेवणारा. ‘जपून वापरा, लवकर प्रत काढा’ एवढी एक ओळ असती तर विसावं पद वाचलं असतं.

छापलेलीही अमर नसते

आता कुणी म्हणेल, मग छापलेलीच घ्यावी आणि निर्धास्त व्हावं. इतकं सोपं नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न इथे फिलिप्स आणि ड्यू पॉन्ट यांच्या भागीदारीतला सीडीचा कारखाना होता. तिथे १९८८ ते १९९३ या काळात छापलेल्या अनेक सीड्या काही वर्षांनी कडेपासून तांबूस पडत गेल्या आणि वाजेनाशा झाल्या. वरचा संरक्षक लेप कमकुवत होता आणि सोबतच्या माहितीपुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाने आतला धातू काळवंडला. प्रियजनांसारखं जवळ ठेवलेलं पुस्तकच वैरी निघालं! नुकसान झालेल्यांत शास्त्रीय संगीताच्या सीड्या बऱ्याच होत्या.

शिवाय जुन्या संगीतात सीडी कशी बनली यापेक्षा मोठा प्रश्न असतो, तिच्यावर आलं काय? हे मला काकांनी शिकवलं. ‘७८ आरपीएम’ म्हणतात खरं, पण सुरुवातीच्या काळातली प्रत्येक तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांनी ध्वनिमुद्रित झालेली नसते. कुठली ७४ ची, कुठली ८० ची. वेगात सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. म्हणजे पांढरी चारमधे गाणारा गायक काळी तीनमधे ऐकू येतो. आवाज पातळ, लय चढी, तान कार्टूनसारखी. चुकीच्या वेगाने घेतलेलं गाणं सोन्याच्या सीडीवर छापलं तरी चुकीचंच राहणार. खरखर काढण्याच्या नादात आवाजाचा दाणाच घासून टाकलेल्या छापील सीड्याही बाजारात कमी नाहीत.

‘माझी ती पहिली सीडीसुद्धा सरसकट ७८ वर घेतलेली,’ काका म्हणाले. ‘तेव्हा मला कळत नव्हतं. पुढे ऑर्गनच्या पट्टीवरून वेग ताडायला शिकलो आणि बरीच पदं पुन्हा घेतली.’

म्हणजे ज्या सीडीसाठी मी भांडायला गेले होते, तिच्यापेक्षा चांगली प्रत त्यांच्या हार्ड डिस्कमध्ये होती. ती मात्र कधी बाहेर आली नाही, कारण तोवर सीडी घेणारेच उरले नव्हते.

आपला काय संबंध?

‘आम्ही तर सगळं मोबाईलवर ऐकतो, आम्हाला हे कशाला?’ हा प्रश्न माझ्या रूममेटनेही विचारला. तिला म्हटलं, तुझ्या मोठ्या ताईच्या लग्नाची डीव्हीडी बघ. आई-बाबांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट तुम्ही दुकानात नेऊन सीडीवर करून घेतलीत ना, ती बघ. कॉलेजच्या गॅदरिंगची, एकांकिकेची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची सीडी बघ. या सगळ्या राईट केलेल्याच आहेत. एखाददुसरी प्रत सोडली तर जगात त्यांची दुसरी आवृत्ती नाही आणि त्यांचं वय आज दहा ते वीस वर्षांच्या घरात आहे. तिने त्याच रात्री घरी फोन लावला.

स्ट्रीमिंगवर सगळं असतं, हाही एक भ्रम. मोठ्या कंपन्यांकडे असलेलं पुष्कळ येतं. पण काकांसारख्यांनी दीडशे प्रतींत काढलेलं तिथे येईलच असं नाही आणि आलेलं कायम राहीलच असंही नाही. एखादं पद जगात आज चार-पाच निळसर हिरव्या सीड्यांवरच उरलं असेल, तर त्या सीड्या ज्यांच्या पाऊचमध्ये आहेत ते सगळे, कळत-नकळत, त्या पदाचे राखणदार आहेत.

आणि घाई करायला आणखी एक कारण आहे. उत्तम कोऱ्या सीडी-आरसाठी जपानच्या तायो युदेन कंपनीचं नाव घेतलं जायचं. ही सीडी-आर तंत्रज्ञानाची जन्मदाती कंपनी. २०१५ च्या अखेरीस तिनेच या धंद्यातून अंग काढून घेतलं. ड्राईव्ह लॅपटॉपमधून गेले, प्लेअर दुकानांतून गेले. सीडी टिकली तरी ती वाचणारं यंत्र कुठून आणणार, हा पुढचा प्रश्न आहेच.

सीडी हातात आली तर...

● उलटी करा. स्वच्छ चंदेरी असेल तर बहुधा छापलेली. निळी, हिरवट, पोपटी किंवा सोनेरी झाक असेल तर राईट केलेली. तिरप्या उजेडात धरा. राईट केलेल्या सीडीवर भरलेला आणि कोरा भाग यांच्यात पुष्कळदा वर्तुळाकार सीमा दिसते.

● मधल्या भोकाभोवतीचं कडं बघा. छापलेल्या सीडीवर सहसा त्या अल्बमचा क्रमांक कोरलेला असतो. राईट केलेलीवर कोऱ्या सीडीच्या कारखान्याचा क्रमांक असतो, अल्बमशी त्याचा संबंध नसतो. शंका उरली तर कॉम्प्युटरमध्ये घाला. सीडी राईट करणारी सॉफ्टवेअर तिचा प्रकार दाखवतात.

● वरच्या बाजूला जास्त जपा. आपण सगळे खालची बाजू सांभाळतो, पण गाण्याचा थर असतो लेबलच्या लगेच खाली. वरून खोल ओरखडा गेला की थरच निघतो. बॉलपेनने लिहू नका, कागदी स्टिकर चिकटवू नका.

● पुसताना गोल गोल फिरवू नका. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. ठेवताना उभी ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून लांब.

● एका ड्राईव्हमध्ये वाचली गेली नाही म्हणून टाकू नका. ड्राईव्ह-ड्राईव्हमध्ये फरक असतो. दुसऱ्या, शक्यतो जुन्या यंत्रात कमी वेगाने वाचून बघा.

● वाजतेय तोवर प्रत काढा. एमपी३ करू नका, त्यात माहिती गळते. वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारात घ्या. दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेरचं. कव्हर आणि आतल्या माहितीचे फोटोही काढा. गायक कोण, साथीला कोण, तबकडीचा नंबर काय, हे गेलं तर गाणं पोरकं होतं.

पुन्हा सातारा

शेवटचा मुद्दा मी स्वतः करून पाहिला. कॉलेजच्या लॅबमधल्या धूळ खात पडलेल्या एका जुन्या डेस्कटॉपवर आजोबांची सीडी सावकाश वाचली. सतरावं आणि अठरावं पद सुटलं. एकोणिसाव्यापासून पुढची चार नाहीच. ती त्या सीडीपुरती गेली, कायमची.

काकांनी मात्र विसाव्या पदाची त्यांच्याकडची नवी प्रत पेन ड्राईव्हवर दिली. पैसे घेतले नाहीत. आणि सवयीने एक सीडीही राईट करून हातात ठेवली. कव्हरवर त्यांनी मार्करने लिहिलं होतं, ‘सीडी-आर. लगेच प्रत काढणे.’

पुढच्या शनिवारी आजीला ते पद ऐकवलं. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, ‘आपल्या सीडीपेक्षा आवाज जरा खाली लागलाय ना गं? भरदार वाटतोय.’

मी तिला वेगाचं, पट्टीचं, सहा टक्क्यांचं सगळं समजावलं. तिने मान डोलावली आणि म्हणाली, ‘बरं झालं. त्यांना नेहमी वाटायचं, काहीतरी चढं लागतंय म्हणून.’

मग तिने पाऊचमधल्या बाकीच्या सगळ्या सीड्या माझ्यासमोर आणून ठेवल्या. मोजल्या, एकतीस भरल्या. त्यातल्या अकरा खालून निळसर हिरव्या आहेत. त्या मी सोबत आणल्यात. आतापर्यंत चार झाल्या, सात बाकी आहेत.